फेडरल कराची पूर्ण रक्कम १५ एप्रिलला हाती नसेल तर काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत राहणारे, एच-१बी व्हिसावर नोकरी करणारे जोडपे. संयुक्त रिटर्न तयार केल्यावर फेडरल कराचे १८,००० डॉलर देणे निघाले. १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे कर भरण्याच्या मुदतीपर्यंत, फार तर ६,००० जमतील. पैसे कोणत्या मार्गाने भरावेत, उरलेल्याचे हप्ते कसे बांधून घ्यावेत, आणि पुढे नागरिकत्वाच्या किंवा घराच्या कर्जाच्या वेळी हे आडवे येईल का?

आधी रिटर्न, मग पैसे. पैसे नाहीत म्हणून रिटर्न अडवून ठेवणे ही यातली सगळ्यांत महाग चूक आहे. आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर विभागाचे, दंड दोन आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे आहेत. रिटर्न उशिरा दाखल केल्याचा दंड न भरलेल्या कराच्या दरमहा ५ टक्के, कमाल २५ टक्के. कर उशिरा भरल्याचा दंड दरमहा अर्धा टक्का, त्याचीही कमाल २५ टक्के. दोन्ही एकाच महिन्यात लागू झाले तर पहिला साडेचार टक्क्यांवर येतो, म्हणजे बेरीज पाचच राहते. महिन्यातला एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. आता तुमच्या आकड्यांत पाहा. ६,००० भरून १२,००० बाकी ठेवले आणि रिटर्न वेळेत दाखल केले, तर तीन महिन्यांचा दंड १८० डॉलर. तेच रिटर्न तीन महिने उशिरा गेले, तर १,८००. पैसे तेवढेच बाकी, दंड दहापट.

दंडाशिवाय व्याज आहेच. त्याचा दर दर तिमाहीला ठरतो आणि ते रोज चक्रवाढ होते. २०२४ मध्ये तो वर्षभर ८ टक्के होता, २०२५ मध्ये ७ टक्के. खालचे हिशेब ७ टक्क्यांनी केले आहेत. दंड माफ करून घेता येतो, पण व्याज कायद्यानेच लागते, त्यामुळे ते सहसा सुटत नाही.

मुदतवाढीबद्दल गैरसमज फार आहे. फॉर्म ४८६८ भरला की रिटर्नला १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो, पैशाला मिळत नाही. मात्र यात एक सवलत आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. विदहोल्डिंग (पगारातून आधीच कापलेला कर) धरून एकूण कराच्या किमान ९० टक्के रक्कम १५ एप्रिलपर्यंत जमा झालेली असेल आणि उरलेली रक्कम मुदतवाढीत दाखल केलेल्या रिटर्नसोबत भरली, तर उशिरा भरल्याचा दंड लागत नाही, फक्त व्याज लागते. समजा तुमचा वर्षाचा एकूण कर ७०,००० आहे आणि पगारातून ५२,००० आधीच कापले गेले आहेत. ९० टक्के म्हणजे ६३,०००, म्हणजे एप्रिलमध्ये ११,००० भरावे लागतील. तुमच्याकडे ६,००० आहेत. पाच हजारांची सोय कुठून झाली, तर उरलेल्या ७,००० साठी ऑक्टोबरपर्यंतचा वेळ साधारण २४५ डॉलर व्याजात मिळतो. हप्त्यांचा विचार करण्याआधी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. सोय होणार नसेल तर मुदतवाढीच्या मागे न लागता रिटर्न वेळेवर दाखल करून टाका.

पैसे भरण्याचे मार्ग

बहुतेकांना पुरेसा मार्ग म्हणजे आयआरएसच्या संकेतस्थळावरचे डायरेक्ट पे. चेकिंग किंवा सेव्हिंग्ज खात्यातून थेट रक्कम जाते, शुल्क नाही, नोंदणी नाही. ३६५ दिवस पुढची तारीख लावून ठेवता येते आणि त्या तारखेच्या दोन कामकाजाच्या दिवस आधीपर्यंत बदलता किंवा रद्द करता येते. चोवीस तासांत जास्तीत जास्त दोनदा भरता येते.

अडचण येते ती ओळख पटवताना. डायरेक्ट पे तुमच्या आधीच्या एखाद्या वर्षाच्या रिटर्नमधली माहिती मागते: नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा आयटिन (तो क्रमांक नसणाऱ्यांचा कर क्रमांक), जन्मतारीख, फायलिंग स्टेटस (एकटे, संयुक्त वगैरे) आणि पत्ता. हे सगळे त्या वर्षीच्या रिटर्नवर जसे छापले होते तसेच हवे. आजचा पत्ता टाकून उपयोग नाही. आपल्याकडच्या नावांचा इथे हमखास घोळ होतो. पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधल्या रकान्यात, कुठे ते पहिल्या नावालाच चिकटलेले, लग्नानंतर आडनाव बदललेले. जुन्या रिटर्नची पीडीएफ समोर ठेवून अक्षरशः तेच टाइप करा. अपार्टमेंटचा क्रमांक ज्या रूपात तिथे आहे त्याच रूपात टाका. तरीही जमले नाही तर दुसरे एखादे जुने वर्ष निवडून पाहा. संयुक्त रिटर्नवर ज्याचे नाव पहिले आहे त्याचाच क्रमांक वापरा.

अमेरिकेत आल्यावरचे पहिलेच रिटर्न असेल, तर पडताळायला मागचे वर्षच नसते. तेव्हा डायरेक्ट पेच्या नादी लागू नका. ई-फाइल करतानाच सॉफ्टवेअरमध्ये खाते क्रमांक देऊन रक्कम वळती करायला सांगा. त्यालाही शुल्क नाही आणि तारीख तुम्हीच ठरवता. फेब्रुवारीत रिटर्न पाठवून पैसे १५ एप्रिलला जातील असे करता येते. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: रिटर्न नाकारले गेले, तर पैसे जाण्याचा आदेशही त्यासोबत पडतो. रिटर्न स्वीकारल्याचा संदेश आल्याशिवाय काम झाले असे समजू नका.

डायरेक्ट पेमध्ये कारण, फॉर्म आणि वर्ष असे तीन रकाने निवडायचे असतात, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. रिटर्नवरची बाकी भरताना कारण ‘बॅलन्स ड्यू’, फॉर्म १०४० (रिटर्नचा मुख्य फॉर्म), आणि वर्ष ज्या वर्षाचे उत्पन्न आहे ते. २०२६ च्या एप्रिलमध्ये २०२५ ची बाकी भरताना वर्ष २०२५ निवडायचे. उलट त्याच दिवशी चालू वर्षाचा अंदाजित कर (वर्षभरात चार हप्त्यांत स्वतः आगाऊ भरायचा कर) भरत असाल, तर फॉर्म १०४०-ईएस आणि वर्ष २०२६. जानेवारीत भरायचा चौथा अंदाजित हप्ता मागच्या वर्षाचा असतो, तिथे पुष्कळ जण नवे वर्ष निवडून मोकळे होतात. मुदतवाढीसाठी भरताना कारण ‘एक्स्टेन्शन’ निवडले की फॉर्म ४८६८ वेगळा पाठवावा लागत नाही. वर्ष चुकले तर पैसे बुडत नाहीत, पण ते दुसऱ्या वर्षाच्या खात्यावर पडून राहतात आणि इकडे बाकीची नोटीस निघते. मग फोन करून किंवा नोटिशीला लेखी उत्तर देऊन ते वळवून घ्यावे लागतात. भरताना मिळालेला पुष्टी क्रमांक त्यासाठीच जपून ठेवायचा. ईमेलवर पावती हवी असेल तर ती तिथेच मागावी लागते.

खाते क्रमांकाबद्दल सावध राहा. काही बँकांचा वायरसाठीचा राउटिंग क्रमांक (बँकेची ओळख सांगणारा क्रमांक) आणि साध्या इलेक्ट्रॉनिक व्यवहाराचा राउटिंग क्रमांक वेगवेगळा असतो. इथे दुसरा लागतो, चेकच्या खालच्या ओळीत छापलेला. डायरेक्ट पेने ‘स्वीकारले’ म्हणणे आणि बँकेने पैसे सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन-तीन कामकाजाच्या दिवसांनी खात्यातून रक्कम खरेच गेली का ते पाहा. पैसे नसल्याने व्यवहार परत गेला तर त्याचा वेगळा दंड आहे: १,२५० डॉलर किंवा अधिक रकमेवर २ टक्के, त्याखाली २५ डॉलर किंवा ती रक्कम, जे कमी असेल ते.

दुसरा मार्ग आयआरएसच्या ऑनलाइन खात्याचा. त्यासाठी आयडी डॉट मी या सेवेतून फोटो ओळखपत्र आणि सेल्फी देऊन एकदा ओळख पटवावी लागते. हे काम निवांतपणी, मार्चमध्ये करून ठेवा. १४ एप्रिलच्या रात्री ते हमखास अडते. तिथे वर्षवार बाकी, मागच्या पाच वर्षांतले भरणे, आलेल्या काही नोटिसा आणि हप्त्यांची योजना, सगळे एका जागी दिसते. संयुक्त रिटर्न असले तरी दोघांची खाती वेगळी. नवऱ्याने भरलेली रक्कम बायकोच्या खात्यात दिसेलच असे नाही, त्यामुळे ‘दिसत नाही’ म्हणून पुन्हा भरू नका.

ईएफटीपीएस ही ऑनलाइन कर भरण्याची जुनी सेवा व्यवसायांसाठी चालू आहे. व्यक्तींसाठी नवी नोंदणी १७ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, तेव्हा इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांवर जाऊ नका.

डेबिट कार्डाने भरता येते, शुल्क दोन डॉलर आणि काही सेंट. क्रेडिट कार्डाने भरल्यास मध्यस्थ कंपनी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे अधिक घेते, म्हणजे १२,००० वर २१० डॉलरहून जास्त. पॉइंट्ससाठी हे करण्यात फारसा अर्थ नाही. कार्डावर वर्षभर शून्य टक्के व्याजाची खरी सवलत असेल आणि त्या मुदतीत फेडण्याची खात्री असेल, तर मात्र ते आयआरएसच्या हप्त्यांपेक्षा स्वस्त पडू शकते. साध्या वीस-पंचवीस टक्क्यांच्या कार्डावर करू नका.

चेकने अजूनही भरता येते. चेक ‘युनायटेड स्टेट्स ट्रेझरी’च्या नावे, डॉलरमध्ये, त्यावर पहिल्या करदात्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक, फोन, वर्ष आणि ‘१०४०’ असे लिहून, सोबत फॉर्म १०४०-व्ही. स्टेपल करू नका. पोस्टाचा शिक्का १५ एप्रिलचा असला की वेळेत धरतात, म्हणून टपालपेटीत टाकण्याऐवजी काउंटरवर देऊन सर्टिफाइड मेलची पावती घ्या. तरीही माझे मत असे की चेक हा शेवटचा पर्याय. सरकारचा कल कागदी चेक बंद करण्याकडे आहे आणि चेक हरवला तर सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

उरलेल्या रकमेचे हप्ते

आयआरएसकडे सर्वसामान्य करदात्यासाठी दोन योजना आहेत. पहिली अल्पमुदतीची: १८० दिवसांपर्यंत, कर-दंड-व्याज मिळून १,००,००० डॉलरच्या आत बाकी असेल तर ऑनलाइन, कोणतेही शुल्क नाही. दरमहा ठरावीक हप्ता नसतो. १८० दिवसांत संपवायचे, एवढेच. दुसरी दीर्घमुदतीची, मासिक हप्त्यांची: बाकी ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ऑनलाइन, सहसा उत्पन्न-मालमत्तेची कागदपत्रे न मागता. पूर्वी इथे ७२ महिन्यांची चौकट होती. आता ती सैल होऊन वसुलीच्या कायदेशीर मुदतीपर्यंत, म्हणजे साधारण १० वर्षांपर्यंत हप्ते पाडता येतात. पण लांबवता येते म्हणून लांबवू नये.

शुल्काचे दर जुलै २०२४ पासून असे आहेत: ऑनलाइन अर्ज करून बँकेतून आपोआप वळते करून दिले तर २२ डॉलर, ऑनलाइन अर्ज पण हप्ता स्वतः भरणार असाल तर ६९. हेच फोनवर किंवा टपालाने केले तर अनुक्रमे १०७ आणि १७८. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीच्या आत असेल तर शुल्क माफ किंवा कमी होते. यावरून एक गोष्ट उघड आहे: रिटर्नसोबत फॉर्म ९४६५, म्हणजे हप्त्यांचा कागदी अर्ज, जोडण्याची घाई करू नये. सॉफ्टवेअर तो पर्याय पुढे करते, लोक ‘होय’ म्हणतात आणि ८५ डॉलर जास्त देतात. एप्रिलच्या गर्दीत त्याच्या उत्तरालाही महिन्याहून अधिक लागू शकतो. त्यापेक्षा रिटर्न दाखल करा, १५ एप्रिलला ६,००० भरा आणि बाकी ऑनलाइन खात्यात दिसू लागली की तिथूनच अर्ज करा. उत्तर सहसा त्याच बैठकीत मिळते. मधल्या काळात हात बांधून बसण्याचे कारण नाही. डायरेक्ट पेने दरमहा जमेल तेवढे भरत राहा, प्रत्येक डॉलरवरचे व्याज त्या दिवशी थांबते.

कोणती योजना घ्यावी? १२,००० बाकी चार महिन्यांनी एकरकमी फेडली, तर व्याज सुमारे २८० आणि दंड २४०, म्हणजे जवळपास ५२० डॉलर. तीन वर्षांच्या हप्त्यांत महिना साधारण ३९० आणि एकूण जादा सुमारे १,९०० ते २,०००. रिटर्न वेळेत दाखल केलेले असेल तर मासिक हप्त्यांचा करार चालू असेपर्यंत उशिरा भरल्याचा दंड अर्ध्यावर, म्हणजे महिना पाव टक्का होतो. अल्पमुदतीच्या योजनेत ही कपात नाही. म्हणजे हप्त्यांचे एकूण ओझे वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास: ७ व्याज, ३ दंड. वैयक्तिक कर्ज याहून स्वस्त मिळत असेल तर ते घ्या. ४०१(के)वर, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचतीवर, कर्ज काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एच-१बीवर असाल तर थोडे थांबा. नोकरी गेली की ते कर्ज ठरावीक मुदतीत परत करावे लागते, नाहीतर ती रक्कम उत्पन्न धरून कर आणि बहुधा १० टक्के जादा कर लागतो. नोकरी गेलेल्या माणसाला नेमके हेच परवडत नाही.

भारतातून पैसे आणायचे असतील तर १८० दिवसांची योजना त्यासाठी सोयीची आहे. एनआरई खात्यातले (परदेशातल्या कमाईचे) पैसे लगेच येतात. एनआरओ खात्यातून (भारतातल्या उत्पन्नाचे) आणायचे तर सीएचे प्रमाणपत्र, बँकेचे फॉर्म, वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा, अशा गोष्टींत आठवडे जातात. आईवडिलांनी भेट म्हणून पाठवले तर अमेरिकेत त्यावर कर नाही, पण परदेशी व्यक्तींकडून वर्षात १,००,००० डॉलरहून जास्त भेट आली तर फॉर्म ३५२० द्यावा लागतो. तुमच्या रकमेला तो प्रश्न येत नाही. फ्लॅट विकून मोठी रक्कम येणाऱ्यांना येऊ शकतो.

मासिक योजना भरताना हप्त्याची रक्कम जेवढी सहज झेपेल त्याहून थोडी कमीच ठेवा. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, म्हणून चांगल्या महिन्यात जास्त भरता येते. पण मान्य केलेला हप्ता चुकला तर करार धोक्यात येतो. तारीख १ ते २८ मधली निवडायची असते, पगार जमा झाल्यावर तीन-चार दिवसांनंतरची घ्या. आपोआप वळते करण्याची सोय सुरू व्हायला कधी कधी काही आठवडे लागतात. पहिला हप्ता गेला नाही असे दिसले तर तो डायरेक्ट पेने, कारण ‘इन्स्टॉलमेंट अ‍ॅग्रीमेंट’ निवडून, स्वतः भरा.

करार कशाने मोडतो

हप्ता चुकणे हे उघड कारण. कमी माहीत असलेले कारण म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा बाकी निघणे. करारातली अटच असते की चालू असेपर्यंत पुढची सगळी रिटर्न वेळेत दाखल करायची आणि त्यांचा कर पूर्ण भरायचा. पुढच्या एप्रिलमध्ये तीन हजार बाकी राहिले आणि भरले नाहीत, तर जुना १२,००० चा करारही मोडीत निघू शकतो. तेव्हा सीपी५२३ ही नोटीस येते आणि ३० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत पैसे भरा किंवा नवी बाकी जोडून करार सुधारून घ्या: ऑनलाइन १० डॉलर, फोनवर ८९. करार चालू असताना पुढच्या वर्षी रिफंड निघाला, तर आयआरएस तो बाकीत वळता करते. तो हप्ता म्हणून धरला जात नाही, त्या महिन्याचा हप्ता भरावाच लागतो.

म्हणून करार झाला त्याच आठवड्यात बाकी का निघाली ते शोधा. नोकरदार जोडप्यांत कारणे ठरलेली असतात. शेअर्स मिळतात तेव्हा कंपनी आरएसयूवर (मोबदला म्हणून दिलेल्या शेअर्सवर) सरसकट २२ टक्के कापते, पण दोघांचा पगार मिळून तुम्ही २४ किंवा ३२ टक्क्यांच्या टप्प्यात असता. फरक एप्रिलमध्ये समोर येतो. दुसरे, डब्ल्यू-४ वर (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) दोघांनीही ‘विवाहित, संयुक्त’ लिहिलेले आणि दोन नोकऱ्यांचा चौकोन कुणीच भरलेला नाही. प्रत्येकाची कंपनी जणू घरात एकच पगार आहे असे समजून कापते. तिसरे भारतातले. एनआरई ठेवींचे व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत पूर्ण करपात्र. भारतात कर दिलेलाच नसल्याने त्याचे क्रेडिटही मिळत नाही.

उपाय डब्ल्यू-४ मधल्या ४(सी) या ओळीत आहे. दर पगारातून जादा किती कापायचे ते तिथे लिहायचे. १८,००० चा फरक भरून काढायचा आणि महिन्याला दोन पगार असतील तर दर पगारी ७५०. वर्ष अर्धे सरले असेल तर उरलेल्या पगारांवर विभागून जास्त लावा. अंदाजित कराच्या चार तारखा, म्हणजे १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी, पाळण्यापेक्षा नोकरदारांना हे बरे. शिवाय याचा एक मोठा फायदा आहे: पगारातून कापलेला कर वर्षभर समान कापला असे धरतात, मग तो डिसेंबरात का कापला असेना. अंदाजित कर मात्र ज्या दिवशी भरला त्या दिवसाचाच. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये जाग आली तरी डब्ल्यू-४ ने कमी भरण्याचा दंड टाळता येतो. तो दंड टाळायला चालू वर्षाच्या कराचे ९० टक्के किंवा मागच्या वर्षाच्या कराचे १०० टक्के भरलेले असावे लागतात. मागच्या वर्षी समायोजित उत्पन्न (काही ठरावीक वजावटी जाऊन उरलेले) १,५०,००० च्या वर असेल, आणि बहुतेक दोन-पगारी घरांत ते असतेच, तर १०० ऐवजी ११० टक्के.

दंडमाफीचेही पाहा. मागची तीन वर्षे रिटर्न वेळेत आणि दंड नसेल, तर पहिल्या वेळची माफी नुसती फोनवर मागता येते. उशिरा दाखल केल्याचा आणि उशिरा भरल्याचा, दोन्ही दंड त्यात येतात. अंदाजित कर कमी भरल्याचा येत नाही. मागण्याची योग्य वेळ बाकी पूर्ण फिटल्यानंतरची, कारण तोवर दंड वाढतच असतो.

नोटिसा, नागरिकत्व, घर

पहिली नोटीस सीपी१४, त्यात २१ दिवस दिलेले असतात. काहीच केले नाही तर सीपी५०१, सीपी५०३, सीपी५०४ अशी मालिका लागते आणि शेवटी एलटी११. पगार किंवा बँक खाते जप्त करण्याआधीची ती अंतिम नोटीस. तिच्यावर ३० दिवसांत फॉर्म १२१५३ भरून सुनावणी मागता येते, ती मुदत कधीही दवडू नये. जप्तीच्या इशाऱ्यानंतर उशिरा भरल्याचा दंडही महिना एक टक्का होतो. हप्त्यांचा अर्ज विचाराधीन असताना आणि करार चालू असताना मात्र जप्ती थांबते. रिटर्नमधल्या आकड्यांत तफावत दिसल्याची सीपी२००० आली तर ती अजून बिल नसते, आयआरएसचा प्रस्ताव असतो. आधी आकडे पडताळा.

नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात थकीत कराबद्दल थेट प्रश्न आहे. हप्ते चालू असणे हा अडथळा नाही, पण खरे उत्तर द्या आणि आयआरएसशी झालेला करार व आजवर भरल्याच्या नोंदी सोबत जोडा. घराचे कर्ज देणारी बँकही हेच मागते. १०,००० डॉलरच्या वर बाकी असेल तर आयआरएस मालमत्तेवर बोजा नोंदवू शकते. क्रेडिट रिपोर्टमध्ये तो २०१८ पासून दिसत नाही, पण घराच्या मालकीचा शोध घेताना दिसतो. आपोआप वळते होणारे हप्ते असले की तुमच्या आकाराच्या बाकीवर सहसा तो नोंदवला जात नाही. २२ डॉलरवाला पर्याय घ्यायचे हे आणखी एक कारण. अमेरिकी पासपोर्ट असणाऱ्यांसाठी, २०२५ च्या आकड्यानुसार ६४,००० डॉलरच्या वर वसुलीच्या टप्प्यातली बाकी असेल तर पासपोर्ट अडू शकतो. हप्त्यांचा करार पाळणाऱ्यांना ते लागू होत नाही.

हप्ताही झेपणार नसेल, म्हणजे नोकरीच गेली असेल, तर वसुली तात्पुरती स्थगित करण्याची विनंती करता येते. ‘डॉलरमागे चार पैशांत मिटवून देतो’ असे रेडिओवर सांगणाऱ्या कंपन्यांना आगाऊ पैसे देऊ नका. तडजोडीचा अर्ज, फॉर्म ६५६, शुल्क २०५ डॉलर, तुम्हाला स्वतःला करता येतो, आणि पात्रता तपासण्याचे साधन आयआरएसच्या संकेतस्थळावर मोफत आहे. दोन चांगले पगार असणाऱ्या घराला ती तडजोड मिळण्याची शक्यता नगण्य आहे. गिफ्ट कार्डाने कर मागणारा फोन आला तर तो ठेवून द्या.

न्यू जर्सीचा राज्य कर यात कुठेच येत नाही. त्याची बाकी असेल तर राज्याकडे वेगळा अर्ज, वेगळा करार.

करार चालू असताना भारतात परतणार असाल तर

आयआरएसला वसुलीसाठी कर नोंदल्यापासून १० वर्षे असतात. तुम्ही सलग सहा महिने किंवा अधिक अमेरिकेबाहेर राहिलात तर त्या काळात हे घड्याळ थांबते. परत गेलो की बाकी आपोआप कालबाह्य होईल, हा हिशेब चुकीचा आहे. व्याज मात्र थांबत नाही. अमेरिकेतले एक चेकिंग खाते चालू ठेवा, कारण डायरेक्ट पे आणि आपोआप हप्ते अमेरिकी बँकेतूनच जातात. ते नसेल तर बँकेमार्फत वायर करत बसावे लागते, आणि तिचे शुल्क दर वेळी वेगळे. १५ एप्रिलला राहणे आणि काम दोन्ही अमेरिकेबाहेर असेल, तर नागरिक आणि रेसिडेंट करदात्यांना १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते, व्याज मात्र एप्रिलपासूनच. पत्ता बदलल्याचा फॉर्म ८८२२ निघण्यापूर्वी पाठवा. आयआरएसने शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस तुमच्या हाती पडली नाही तरी कायद्याने पोहोचलेलीच धरतात, आणि ३० दिवस त्या तारखेपासून मोजतात.